आरसा गेला, फोटो निवडायचं काम मात्र राहिलं

धागाकर्ता: अंधारखोली

मंडळी, गेल्या महिन्यात माझे दोन्ही डीएसएलआर विकले आणि पूर्णपणे मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आलो. २४ वर्षं लग्नांचे फोटो काढतोय. त्याआधी वडिलांच्या स्टुडिओत, अंधारखोलीत, त्यांच्या हाताखाली होतो. कॅमेरा बदलणं मला नवीन नाही. पण या वेळी बदल नुसता यंत्राचा नाही असं वाटतंय, म्हणून हा धागा.

आधी यंत्राचं सांगतो. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो, तिथून वर प्रिझममध्ये जातो आणि मग आपल्या डोळ्यात. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडून मिटतं, आरसा परत खाली येतो. आपण ज्याला कॅमेऱ्याचा आवाज म्हणतो तो बराचसा या आरशाचा. आरसा वर असताना व्ह्यूफाइंडर काळा होतो. म्हणजे जो क्षण फोटोत उतरला, नेमका तोच फोटोग्राफरला दिसलेला नसतो. आधीचा दिसतो, नंतरचा दिसतो. वडील म्हणायचे, "मधलं बोटाला कळलं पाहिजे."

मिररलेसमध्ये सेन्सर सतत बघत असतो आणि तो बघतो तेच आपल्याला आतल्या छोट्या पडद्यावर दिसतं. २००८ साली पॅनासॉनिकच्या जी१ पासून ही वाट सुरू झाली, २०१३ मध्ये सोनीने फुल फ्रेममध्ये (३५ मिमी फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर) ए७ आणला, २०१८ मध्ये निकॉन आणि कॅननही उतरले. २०२१ च्या निकॉन झेड९ मधून तर यांत्रिक शटरही गेलं. आता चांगल्या बॉडीत पडदा काळा होतच नाही. अख्खा क्षण डोळ्यांसमोरून जातो.

परवाचं लग्न सांगतो. मंगलाष्टकं शेवटाला आली, 'तदेव लग्नं' सुरू झालं, अक्षता हातात घेऊन सगळे उभे. मी बटण अर्धं दाबून धरलं. नव्या कॅमेऱ्यात प्री-कॅप्चर आहे. अर्धं दाबलं की तो फ्रेम्स भरत राहतो आणि जुन्या पुसत राहतो. पूर्ण दाबलं की मागच्या सेकंदातल्या फ्रेम्सही कार्डावर उतरतात. अंतरपाट बाजूला ओढला, मी बटण दाबलं, आणि घरी येऊन पाहतो तर त्या एका क्षणाच्या ९० फ्रेम्स. अंतरपाटाची कड तिच्या कपाळावरून सरकतेय, मग भुवई, मग एक डोळा, मग दोन्ही. ४१ व्या फ्रेममध्ये तिने नवऱ्याकडे पाहिलंय, ४२ व्या फ्रेममध्ये पापणी खाली. मधलं सगळं मिळालं. माझ्या बोटाला काही कळायची गरजच पडली नाही. ती ४१ वी फ्रेम शोधायला मात्र पंचवीस मिनिटं लागली.

वडील एका लग्नाला चार-पाच रोल न्यायचे. ३६ चा रोल, म्हणजे दीडशे ते पावणेदोनशे फोटो. निगेटिव्ह धुऊन वाळली की एकाच कागदावर अख्ख्या रोलचा कॉन्टॅक्ट प्रिंट काढायचे आणि खिडकीपाशी बसून भिंगातून बघत लाल पेन्सिलने चौकोन करायचे. लाल चौकोन पडला तोच फोटो मोठा व्हायचा. अल्बममध्ये ६० फोटो, फार तर ८०. मी आज एका लग्नाचे चार-साडेचार हजार काढतो आणि खरं सांगायचं तर त्यातले बहुतेक सगळे पेनड्राइव्हमध्ये भरून देतो.

याची बोच कधी लागली ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी जिचं लग्न मी केलं होतं तिचा फोन आला. आजी वारली होती. "काका, लग्नातला आजीचा एखादा चांगला फोटो शोधून द्याल का? आम्हाला सापडत नाही." मी रात्री बसलो. ४३०० फोटोंत आजी २६ ठिकाणी होती. कुठे कडेला अर्धी कापलेली, कुठे कुणाच्या खांद्यामागे, कुठे फोकसच्या बाहेर. एकाही फोटोत मी आजीकडे बघून बटण दाबलेलं नव्हतं. वडिलांनी दीडशे फोटोंत दोन्हीकडच्या आज्या आधी घेतल्या असत्या. पहिल्या रोलमध्येच.

कॅमेरा आता काही चुकवत नाही. म्हणूनच कुणाकडे बघायचं आणि कोणता ठेवायचा, ही दोन्ही कामं पूर्वीपेक्षा जास्त आपली झाली आहेत, आणि ती मीच टाळत आलो. तुम्ही लग्नं करत असा, पक्षी करत असा, घरचे फोटो काढत असा: किती काढता, किती ठेवता आणि निवड कधी करता? मनापासून विचारतोय.

——

माळढोक:

धाग्याबद्दल मनापासून आभार, अंधारखोलीदादा. आजीचा प्रसंग वाचून थांबलो.

मी पक्ष्यांचे फोटो काढतो. आमच्याकडे मिररलेसने केलेला फरक लग्नापेक्षाही मोठा आहे. पूर्वी उडत्या पक्ष्यावर फोकस बिंदू टिकवून ठेवणं हीच अर्धी विद्या होती. आता कॅमेरा पक्षी ओळखतो, त्याचा डोळा शोधतो आणि डोळ्याला चिकटून राहतो. वेड्या राघूने चतुर पकडला तो क्षण मी पाच वर्षं शोधत होतो, नव्या बॉडीवर पहिल्याच आठवड्यात मिळाला.

पण भिगवणला उजनीच्या पाण्यावर जे बघतो ते सांगायला हवं. रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उथळ पाण्यात चोच उलटी घालून खात असतो. तसाच फोटो पन्नास जणांकडे आहे, म्हणून सगळ्यांना पंख उघडलेला, गुलाबी-काळा, उडतानाचा हवा. मग नाव जवळ, अजून जवळ. थवा उठला की सगळ्या नावांतून एकदम सेकंदाला वीस-तीस फ्रेम्स. हे पक्षी लांबचा प्रवास करून इथे खायला येतात. दिवसातून दहा वेळा उठवलं तर ते खाणार कधी? पूर्वी लेन्स कमी पडायची, फोकस चुकायचा, म्हणून लोक बसून राहायचे, थवा आपोआप जवळ यायची वाट बघायचे. आता हमखास मिळणार हे माहीत असल्यामुळे कुणी बसत नाही.

मी स्वतःला एक सवय लावलीय. नावाड्याला सुरुवातीलाच सांगतो, "मामा, मला उडतानाचा नको, लांबच थांबा." त्याच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं दिसतं. आणि घरट्याचा फोटो काढत नाही, कुणी पाठवला तर पुढे पाठवत नाही. घरट्याजवळ माणूस रेंगाळला की आईबाप दूर राहतात, आणि तेवढ्यात कावळा येऊन जातो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: एका सकाळी १५०० काढतो, घरी पोचायच्या आत गाडीत बसून ४० वर आणतो. घरी नेले की जीव गुंततो, मग पुसवत नाहीत.

——

खारवारा:

माळढोक, नावाड्याचं पटलं. आमच्याकडे समुद्री गरुडाच्या घरट्यापाशी ड्रोन नेणारे दिसू लागलेत, तेव्हा मीही बोलणार आहे.

अंधारखोलीदादा, मला थोडं व्यवहाराचं विचारायचंय. दापोलीला राहतो, छोटा स्टुडिओ आहे, पासपोर्ट फोटो आणि मुंजी-बारशी. जुनी निकॉन बॉडी, ५० एमएमची १.८ डी लेन्स आणि एक ८५. मिररलेस घेतला तर या लेन्सांचं काय? दुसरं म्हणजे बुरशी. पावसाळ्यात एक लेन्स गेली. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. साफ करून आणली तर वरचं कोटिंग गेलेलं होतं.

आणि तिसरं. इथल्या हॉलमध्ये आता सगळीकडे एलईडीच्या भिंती. माझ्या भाच्याने मिररलेसवर आवाज बंद करून मुंज काढली आणि निम्म्या फोटोंत आडवे काळे पट्टे. कॅमेरा खराब निघाला असं समजून तो रडकुंडीला आला होता.

——

अंधारखोली:

खारवारा, भाच्याला सांगा कॅमेरा ठणठणीत आहे. आवाज बंद केला की कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर जातो. बहुतेक सेन्सर अख्खं चित्र एकदम वाचत नाहीत, वरून खाली ओळीओळीने वाचतात. एलईडी आपल्याला स्थिर दिसला तरी तो भराभर लुकलुकत असतो. वाचन चालू असताना दिवा विझला-पेटला की तेवढ्या ओळी काळ्या. उपाय साधा: हॉलमध्ये यांत्रिक शटर वापरायचं आणि वेग १/५० किंवा १/१०० ठेवायचा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. साध्या दिव्यांना एवढं पुरतं. काही एलईडी भिंती वेगळ्याच गतीने लुकलुकतात, तिथे आधी दोन-चार फोटो काढून बघायचे. २०२३ च्या अखेरीस सोनीने ए९ थ्री जाहीर केला, त्यातला सेन्सर सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपतो. ग्लोबल शटर म्हणतात ते हेच. त्यात प्रतिमा तिरकी होत नाही आणि फ्लॅश कुठल्याही वेगाला चालतो. पण ती किंमत तुमच्या-माझ्या धंद्यातली नाही.

लेन्सांचं: निकॉनचा एफटीझेड ॲडॅप्टर मिळतो. एएफ-एस लेन्स, म्हणजे ज्यांच्या आतच फोकसची मोटर असते त्या, त्यावर ऑटोफोकससकट चालतात. तुमची ५० एमएम 'डी' मात्र बॉडीतल्या मोटरवर फिरणारी. ॲडॅप्टरमध्ये ती मोटर नाही, त्यामुळे फोकस हाताने करावा लागेल. ८५ ची पाटी बघा, 'जी' असेल तर निर्धास्त राहा. कॅननवाल्यांना हा त्रास नाही, ईएफ लेन्स त्यांच्या ॲडॅप्टरवर सरसकट चालतात.

आणि पासपोर्ट-मुंजीच्या कामासाठी बॉडी बदलूच नका, हे अगदी कळकळीने सांगतो. तेच पैसे ड्राय कॅबिनेटमध्ये घाला. आतला दमटपणा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवायचा. तोवर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. लेन्स चामड्याच्या पाऊचमध्ये कधीच ठेवू नका, बुरशीला तेच आवडतं.

——

एक_फ्रेम:

काका, मी २२ वर्षांचा आहे, पुण्यात शिकतो. तुमच्या वडिलांच्या लाल पेन्सिलीबद्दल वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

आमच्या ग्रुपमधले सहा-सात जण फिल्मवर फोटो काढतात. मोठी माणसं म्हणतात फॅशन आहे. माझ्यापुरतं तसं नाही. माझ्या फोनमध्ये ३१ हजार फोटो आहेत आणि त्यातला एकही काढल्याचं मला आठवत नाही. आजोबांच्या कपाटात आग्फा क्लिक थ्री सापडला. १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो. त्यात करण्यासारखं काही नाहीच: ऊन की ढग, एवढंच निवडायचं. त्या बारा फोटोंपैकी प्रत्येक कुठे उभा राहून काढला ते मला आज सांगता येतं. आठवा आजीचा आहे, ओट्यापाशी, दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवताना. "थांब, पदर नीट करते," म्हणाली, मी थांबलो. फोनवर मी थांबलो नसतो.

पैसे खूप लागतात हे खरं. रोल, धुणं, स्कॅन धरून एकेका फोटोचा हिशोब मनात होतो. त्यामुळेच बटण दाबायच्या आधी विचार होतो. २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेरा काढला, पेंटॅक्स १७, त्यात अर्धी फ्रेम वापरून ३६ च्या रोलवर ७२ फोटो येतात. एवढ्या वर्षांनी मोठ्या कंपनीने नवा फिल्म कॅमेरा बनवावा याचा मला खूप आनंद झाला. घेणं अजून परवडत नाही.

माझ्या मैत्रिणी २००५-०८ चे छोटे डिजिटल कॅमेरे शोधत असतात. त्या म्हणतात त्यातल्या सीसीडी या जुन्या जातीच्या सेन्सरचे रंग वेगळे. हे खरं आहे का?

आणि काळ्या-पांढऱ्या फिल्मचं: घरी धुवायचा प्रयत्न केला. एप्रिल महिना, निगेटिव्ह खूप गडद आणि खरखरीत आली. कुठे चुकलं?

——

हायपो:

एक_फ्रेम, बाळा, पाण्यात चुकलं. मी ३० वर्षं एका वृत्तपत्राच्या अंधारखोलीत काढली, माझे हात अजून हायपोने (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाने) वास मारतात असं बायको म्हणते.

काळ्या-पांढऱ्या डेव्हलपरच्या (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या) वेळा छापलेल्या असतात त्या २० अंशांना. एप्रिलमध्ये आपल्या नळाचं पाणी ३० च्या वर असतं. गरम पाण्यात डेव्हलपर धावतो, दाणे फुगतात. वेळ कमी करून भागत नाही, पाच मिनिटांच्या खाली आलास की निगेटिव्ह डागाळते. आम्ही काय करायचो? मोठ्या घमेल्यात पाणी, त्यात बर्फ, त्यात बाटल्या ठेवायच्या आणि तास-दीड तास वाट बघायची. बर्फ बाटलीत टाकायचा नाही, डेव्हलपर पातळ होतो. हायपो आणि शेवटचं धुणंही त्याच तापमानाला ठेव. २० वरून एकदम ३२ च्या पाण्यात फिल्म गेली की वरचा थर सुरकुततो. रंगीत फिल्म याच्या उलट, तिचा डेव्हलपर ३८ अंशांना, सव्वातीन मिनिटं. आपल्या उन्हाळ्यात ती सोपी.

आमच्या वेळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद आणि फिल्म यायची, पूर्व जर्मनीची ओर्वो यायची. कधी मिळायची, कधी नाही. मोर्चाला दोन रोल घेऊन जायचो आणि दुसऱ्या रोलच्या शेवटच्या पाच फ्रेम्स राखून ठेवायचो. लाठीमार नेहमी फोटोग्राफरचा रोल संपल्यावर होतो असं आम्ही मानायचो, म्हणून राखायच्या.

सीसीडीचं: रंग सेन्सरच्या जातीने ठरत नाहीत, सेन्सरवरच्या रंगगाळण्या आणि कंपनीने आत केलेली प्रक्रिया यांनी ठरतात. तुझ्या मैत्रिणींना दिसणारा फरक खरा, कारण वेगळं. त्या कॅमेऱ्यांत फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ आणि थेट चेहऱ्यावर, सावल्या काळ्या ठक्क. आजचा फोन काय करतो? एका फोटोसाठी अनेक फ्रेम्स घेऊन जोडतो, सावली उजळतो, आकाश दाबतो. सगळं दिसतं, म्हणून कशावरच नजर ठरत नाही. जुना छोटा कॅमेरा अंधार अंधारच ठेवतो. पोरींना तेच आवडतंय, आणि मला ते समजतं.

——

ओसाकावासी:

इथे जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत 'जंक' लिहिलेल्या टोपल्या असतात, चालेल-न चालेल या बोलीवर. पाच वर्षांपूर्वी त्यातले छोटे डिजिटल कॅमेरे कुणी बघत नव्हतं, आता शाळकरी मुली ओळीने बसून एकेक चालू करून बघतात. २०१० साली जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले होते. २०२० साली ९० लाखसुद्धा नाही. मधल्या दहा वर्षांत फोनने ते सगळं गिळलं. त्या १२ कोटींतलेच आता परत हातात येतायत.

एक सावधगिरी: भारतातून पुष्कळ जण "जपानहून आण" म्हणून सांगतात. इथे विकायला असलेल्या सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानी असतो, भाषा बदलता येत नाही. घेण्याआधी बघाच.

——

पानोपानी:

मी अल्बम डिझाइन करते, सांगलीत. माझ्याकडे चार जिल्ह्यांतले फोटोग्राफर फोटो पाठवतात. म्हणजे दादा, तुम्ही निवडत नाही ते शेवटी माझ्याकडे येऊन पडतं. ४००० मधून ३०० मी काढते, ज्या घराला मी कधी पाहिलेलं नाही. कोण आत्या, कोण शेजारीण, मला काय माहीत? चेहरा हसरा आहे, डोळे उघडे आहेत, ठेव. अशा अल्बममध्ये रडणारा बाप येत नाही, कारण त्याचे डोळे मिटलेले असतात. हे मी कुणाला कधी बोलले नव्हते.

मला आणखी एक विचारायचंय, कुणाशी बोलू कळत नाही. वर्षभरात एक मागणी फार वाढलीय: "वडील नाहीत, एआयने त्यांना स्टेजवर उभं करून द्या." पहिल्यांदा केलं तेव्हा मुलगी फोटो छातीशी धरून रडली, मला वाटलं पुण्याचं काम केलं. मागच्या महिन्यात दुसरं आलं. वडिलांचा एकच फोटो, ओळखपत्रावरचा, चाळीस वर्षांपूर्वीचा. त्यावरून एआयने साठीचा माणूस तयार केला: फेटा, हसू, मुलीच्या खांद्यावर हात. मुलीची आई आली होती घ्यायला. बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "हे असे हसायचे नाहीत. ओठ मिटून हसायचे."

मी तो फोटो पुसला. मग आम्ही तो ओळखपत्रावरचा फोटो साफ करून मोठा केला, स्टेजवर मागे एक रिकामी खुर्ची होती असा खरा फोटो सापडला, आणि दोन्ही समोरासमोरच्या पानांवर लावले. आईंनी ते ठेवून घेतलं. पण दर वेळी मला असं सुचेल का? आणि धंदा म्हणून मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी करून देणारच.

——

हायपो:

पानोपानी ताई, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. मेलेल्या माणसाचं हसू बदलायचा हक्क आपल्याला नाही. पूर्वीही स्टुडिओत फोटो कापून चिकटवायचे, रंग भरायचे. पण चिकटवलेलं चिकटवलेलं दिसायचं. नातवाला पन्नास वर्षांनी कळायचं की आजोबा तिथे नव्हते.

करायचंच झालं तर पानाखाली लिहा. 'हे चित्र नंतर तयार केले आहे', एवढी एक ओळ. आणि मूळ फोटो अल्बमच्या शेवटी लावा.

——

जुनीमुंबई:

वाचनखूण साठवली. हायपोकाकांच्या मुद्द्याला धरून दोन गोष्टी.

२०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सन या जर्मन कलाकाराने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एआयने बनवलेलं चित्र पाठवलं, ते त्याच्या गटात जिंकलं आणि त्याने बक्षीस नाकारलं. पुढच्याच वर्षी माइल्स ॲस्ट्रेने उलटं केलं: एका स्पर्धेच्या एआय गटात खरा फोटो पाठवला, रोहित पक्ष्याचा (माळढोक, तुमच्यासाठी). मान पोटाखाली घालून अंग खाजवतोय, त्यामुळे बिनडोक्याचा दिसतो. तो एआय गटात निवडला गेला आणि मग बाद झाला. म्हणजे जाणकार परीक्षकांनाही नुसत्या नजरेने सांगता येत नाही.

म्हणून आता कॅमेऱ्यातच सही करायची सोय येतेय. २०२३ च्या लायका एम११-पी मध्ये फोटो काढतानाच फाइलला डिजिटल शिक्का बसतो: कोणत्या कॅमेऱ्याने, केव्हा काढला, पुढे काय बदल झाले. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या फेऱ्यांत मूळ फाइल मागतात. पूर्वी "निगेटिव्ह दाखव" म्हणायचे, तेच. माझी सगळ्यांना विनंती आहे: निवडलेल्या फोटोंच्या रॉ फाइल (सेन्सरवरून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल) दोन वेगळ्या जागी ठेवा. जेपेग कुणीही बनवेल.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, जगातल्या अगदी आरंभीच्या संस्थांपैकी. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी तिच्यात होते आणि १८५० च्या दशकात त्यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या लोकांचे फोटो काढले. त्या काळी ओल्या कलोडियनची पद्धत आली होती: काचेला थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो काढायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. मुंबईच्या उन्हात तो थर किती भराभर वाळत असेल! एका काचेसाठी एवढी धावपळ करणारा माणूस समोर कुणाला बसवायचं हे किती विचाराने ठरवत असेल, हे तुमचा धागा वाचताना सारखं मनात येत होतं.

तशीच अलीकडची एक: कोडॅकने २००९ मध्ये कोडाक्रोम ही रंगीत फिल्म बंद केली तेव्हा शेवटच्या रोलपैकी एक फोटोग्राफर स्टीव्ह मॅककरीला दिला. ३६ फ्रेम्स. त्यातल्या काही त्याने मुंबईत सिनेकलावंतांवर खर्च केल्या, काही राजस्थानात राबारी लोकांवर, आणि २०१० मध्ये कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी जाऊन रोल धुऊन घेतला.

——

माळढोक:

बिनडोक्याचा रोहित! अगदी असाच फोटो माझ्याकडे आहे, कुणाला पटणार नाही म्हणून पुसणार होतो. आता ठेवतो, रॉसकट.

——

अंधारखोली:

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. पानोपानी ताई, तुमचं वाचून रात्री झोप आली नाही. तुमच्याकडे माझ्यासारख्यांचं न केलेलं काम येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दोन गोष्टी लगेच सुरू केल्या आहेत. येत्या लग्नाच्या आधी मुलीच्या आईला फोन केला आणि विचारलं, "घरातली कोणती माणसं चुकवायची नाहीत?" त्यांनी सोळा नावं सांगितली. त्यात एक मामा होते, मुलीला शाळेत सोडायला रोज सायकलवर न्यायचे. ते मला स्टेजवर कधीच सापडले नसते. जेवणाच्या पंगतीला वाढपावर देखरेख करत असतात म्हणे. यादी छापून बॅगेत ठेवलीय. दुसरं, डिझाइनला जाण्याआधी ३०० मीच निवडणार, आणि त्यातल्या २४ चे प्रिंट अल्बमशिवाय वेगळे देणार, मागे पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहून. पैसे तेवढेच घेणार.

एक_फ्रेम, तू वडिलांच्या पेन्सिलीचं लिहिलंस म्हणून आज माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. १९८७ चे कॉन्टॅक्ट प्रिंट निघाले. काचेवर, चकचकीत कागदावर उमटते ती मेणाची लाल पेन्सिल होती, दोरा ओढून कागद सोलत जायचा. एका पट्टीवर पाच फ्रेम्सना चौकोन आहे आणि सहाव्या फ्रेमवर चौकोन करून पुन्हा खोडलाय. भिंगातून पाहिलं. नवरीची आई आहे, मांडवाच्या खांबाला टेकून, डोळे मिटलेले. आणि खोडलेल्या चौकोनाशेजारी वडिलांच्या अक्षरात: 'घेणे'.

खारवारा, ८५ ची पाटी बघितलीत का?